गोसेखुर्दच्या पाण्यात फुटलेली शिडाची होडी : एका दिवसाचा मुक्काम तीन रात्रींचा कसा झाला

पार्श्वभूमी

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली. ३३ दरवाज्यांची ही भिंत भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ आहे आणि तिचा फुगवटा वर आंभोऱ्याच्या संगमाच्याही पुढे पोचतो. पाणी मोठं आहे, दुपारी वारा बरा मिळतो, त्यामुळे शिडाच्या छोट्या होडीला इथे चार दिवस फिरायला भरपूर जागा आहे. पण या पाण्याखाली गावं, शेतं, बांध आणि झाडं आहेत. बरीच झाडं न तोडताच बुडाली. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो तेव्हा ही खोडं खोल असतात. मग कालव्यांना पाणी सुटतं, पातळी उतरत जाते, आणि दिवाळीत ज्या खोडावर पुरुषभर पाणी होतं त्यावर जानेवारीत कुठे हात-दीड हातच उरतं. खोडं कुठे आहेत ते कोणत्याही नकाशावर नाही. ते काठच्या ढिवरांना, म्हणजे मच्छीमारांना, पाठ आहे.

या प्रकरणातली होडी साडेचौदा फुटी, फायबरची, जुनी विकत घेतलेली. तळ सलग फायबरचा, सुमारे ६ मिमी जाडीचा. मधोमध खाचेतून खाली उतरणारा, खिळ्यावर फिरणारा सेंटरबोर्ड, म्हणजे होडी वाऱ्यानं आडवी सरकू नये म्हणून पाण्यात उतरवायचं पातं. मागे सुकाणू, त्याचं पातंही उचलता येणारं. सेंटरबोर्ड पूर्ण खाली असला की होडीला जवळजवळ मीटरभर पाणी लागतं, वर घेतला की वीतभर पुरतं. होडीवर दोघे होते, मामा आणि भाचा. मामा पन्नाशीचे, मोटर वाइंडिंगचं काम करणारे. भाचा कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल शाखेत शीड शिकलेला. जलसंपदा विभागाची परवानगी, लाइफ जॅकेट, दोन वल्ही, बादली आणि नांगर सोबत होता. दुरुस्तीच्या पेटीत पाने, दोर, एम-सील आणि चिकटपट्टी एवढंच होतं.

काय झालं

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास वारा मागून होता आणि होडी चांगल्या वेगात होती. सेंटरबोर्ड खोडावर आदळला. होडी जागीच थांबली, मामा पुढे डोलकाठीवर आपटले, आणि मिनिटभरात पायाखाली पाणी दिसू लागलं.

खरं तर फिरणारा सेंटरबोर्ड अशाच प्रसंगासाठी असतो. खाली काही लागलं की पातं मागे उचललं जातं आणि धक्का तिथेच जिरतो. इथे तसं झालं नाही. लाकडी सेंटरबोर्ड पाण्यात तरंगून वर येतो म्हणून आदल्या दिवशी तो ६ मिमीच्या नायलॉन दोरानं खाली घट्ट बांधला होता. सुकाणूचं पातंही तसंच बांधलेलं होतं. दोर तुटण्यासारखा नव्हता, म्हणून सगळा धक्का सेंटरबोर्डच्या पेटीच्या मागच्या टोकाला बसला. खाचेचं टोक हा तळाचा सगळ्यात कमजोर भाग. तिथून मागे ३२ सेंमीची चीर गेली. सुकाणूची खालची ८ मिमीची पिनही वाकली.

साधारण दहा मिनिटांना एक बादली पाणी येत होतं. चीर बरोबर मधल्या रेषेवर असल्यामुळे होडी एका कुशीवर कलती करून ती पाण्याबाहेर काढणंही शक्य नव्हतं. भाच्यानं आतून एम-सील दाबून पाहिलं, पण ओल्या, वाहत्या जागेवर साधी पुटी धरत नाही. मग ग्रीस लावलेलं फडकं चिरेवर ठेवून त्यावर बसकणाची फळी आणि फळीवर मामा बसले. गळती अर्ध्यावर आली.

पहिला निर्णय : कोणता काठ

सगळ्यात जवळचा काठ पश्चिमेचा होता. पण त्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं जंगल आहे. परवानगीशिवाय तिथे उतरता येत नाही, वाघाचा वावर आहे, आणि रस्ता, वीज, माणूस यांपैकी काहीच नाही. पूर्वेचा काठ दुप्पट लांब होता, पण तिकडे वस्ती होती. गळती बादलीनं आवरण्यासारखी होती, म्हणून त्यांनी लांबचा काठ धरला. तो निर्णय बरोबर होता. होडी बुडायला किती वेळ आहे हे आधी मोजायचं आणि मगच काठ ठरवायचा. घाबरून जवळच्या जंगलात घुसले असते तर होडी किनाऱ्याला लागली असती, पण दुरुस्ती झाली नसती.

वाटेत मच्छीमार सोसायटीच्या डोंग्यानं त्यांना ओढून नेलं. दोनच्या सुमारास होडी गावाच्या घाटाला लागली. शीड, बूम (शिडाचा आडवा दांडा), डोलकाठी उतरवली, आणि सहा जणांनी उचलून ती सोसायटीची जाळी ठेवायच्या पडवीत नेली. तिथे जुन्या टायरांवर तणस पसरून होडी पालथी घातली.

नेमकं नुकसान किती

चीर डोळ्यांना दिसते तेवढीच असते असं कधीच धरू नये. एक रुपयाच्या नाण्यानं तळ सगळीकडे ठोकून पाहिला. धड जागी टणक ‘टक’ येतो, थर सुटलेल्या जागी मेलेला ‘धप’. चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच सेंमीपर्यंत थर सुटले होते. सेंटरबोर्डची पेटी तळाला जिथे जोडली आहे त्या कोपऱ्यातही केसासारखी रेघ होती. ही रेघ राहून गेली असती तर ठिगळ धड राहून होडी बाजूनं गळत राहिली असती. चिरेचं मागचं टोक शोधून तिथे ५ मिमीचं भोक पाडलं. गोल भोकाशी चीर अडते, पुढे पळत नाही.

होडी तरंगती ठेवणाऱ्या पुढच्या हवेच्या बंद पेटीचं झाकण उघडल्यावर तिथेही दोन लिटर पाणी निघालं. ते चिरेचं नव्हतं, झाकणाच्या कुजलेल्या वॉशरचं होतं. बऱ्याच होड्यांमध्ये ही पेटी वर्षानुवर्षं उघडलीच जात नाही.

पर्याय

गावातल्या एका वयस्क ढिवर बाबांनी पहिला पर्याय दिला. लाकडी डोंग्याला करतात तसं कापूस आणि तापवलेलं डांबर चिरेत ठासायचं, वरून पत्रा ठोकायचा. तासाभराचं काम, आणि लाकडाला ते उत्तम. लाकूड फुगतं, कापूस फुगतो, फट आवळली जाते. फायबर फुगत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे डांबर एकदा फायबरच्या तंतूंत शिरलं की त्या जागी पुढे रेझिन (तंतूंचे थर जोडून टणक होणारा चिकट रस) धरत नाही. नंतर पक्की दुरुस्ती करायची तर दुप्पट जागा घासून काढावी लागते. आजचा दिवस निभला असता, पण होडीचा तळ कायमचा बिघडला असता.

दुसरा पर्याय होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नागपूरला नेण्याचा. पण फुटलेला तळ कच्च्या रस्त्यावर हादरे खात न्यायचा म्हणजे चीर वाढवून घ्यायची, आणि घट्ट बांधायला योग्य पाळणाही नव्हता.

तिसरा पर्याय साहित्य आणून तिथेच फायबरचं पक्कं काम करण्याचा. पडवीला छप्पर होतं, घरगुती लाइन होती, गावात ग्राइंडर आणि वेल्डिंगचं दुकान होतं. तोच धरला. ‘उद्या सांजेपर्यंत पाण्यात’ असा अंदाज होता, आणि तिथेच चुकलं.

रेझिनमध्येही निवड होती. इपॉक्सी जुन्या फायबरला जास्त चांगलं धरते, पण बाजारात मिळणारी साधी चॉप्ड मॅट (कापलेल्या काचतंतूंची चटई) जिच्यात बांधलेली असते ती खळ इपॉक्सीत विरघळत नाही. मॅट कडक राहते, वळणावर बसत नाही. शिवाय थंडीत इपॉक्सी फार सावकाश धरते. होडी मुळात पॉलिएस्टर रेझिनची, म्हणून त्यातलंच आयसो पॉलिएस्टर रेझिन आणि चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट ठरली.

साहित्य आणणं

भाचा मोटारसायकलनं नागपूरला गेला आणि रात्री नऊला परतला. त्यानं आणलं ते असं : २ किलो रेझिन, १०० मिली हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव), दीड मीटर मॅट, १ लिटर अ‍ॅसिटोन, दोन ब्रश, एक खाचांचा छोटा रोलर, ४०, ८० आणि १२० नंबरचे पॉलिश पेपर, हातमोजे, चष्मा, मास्क. कोणीतरी सुचवलं होतं की पार्सल बसच्या ड्रायव्हरकडे द्यावं. ते त्यांनी केलं नाही हे फार बरं झालं. हार्डनर जळाऊ पदार्थाला पेटवू शकतो; प्रवाशांच्या गाडीत त्याला जागा नाही. आणखी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची. रेझिन धरायला हार्डनरसोबत कोबाल्ट (धरण्याला वेग देणारं द्रव) लागतो, आणि हार्डनर नि कोबाल्ट थेट एकत्र आले तर भडका किंवा स्फोट होऊ शकतो. म्हणून कोबाल्ट दुकानातच रेझिनमध्ये मिसळून घ्यावा; मिसळला की रेझिनला गुलाबी-जांभळट झाक येते. मग घरी फक्त हार्डनर घालायचा राहतो.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

तिसऱ्या दिवशी सकाळी आधी ग्रीस काढलं. हा क्रम उलटा करू नये : आधी अ‍ॅसिटोननं पुसायचं, मगच घासायचं. आधी घासलं तर ग्रीस तंतूंत रगडलं जातं. फडकंही दर वेळी नवं घ्यायचं, नाहीतर ग्रीस फक्त पसरतं. ग्रीसचं फडकं आणीबाणीत कामाला आलं, पण त्यामुळे सकाळचे दोन तास गेले. पाण्यावर असताना फळीखाली नुसतं जाड प्लास्टिक किंवा रबरी ट्यूबचा तुकडा दाबला असता तर हे वाचलं असतं.

मग घासणी. तळ ६ मिमी जाड, म्हणून चिरेच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारा पट, म्हणजे सुमारे ७ सेंमी, उतार घासत नेला. नवा थर जुन्याला चिकटतो तो फक्त या उतारावर. उतार आखूड ठेवला तर ठिगळ भारानं कडेपासून सुटतं. मऊ, पांढरट झालेले सगळे तंतू निघेपर्यंत ग्राइंडर चालला. पूर्ण बाह्या, मास्क, आणि काम झाल्यावर गार पाण्यानं अंग धुणं. 

वाळवण्यासाठी गावातल्या पोरांनी होडीखाली शेकोटी करायचं म्हटलं. ते थांबवलं, कारण जवळच अ‍ॅसिटोन आणि रेझिन होतं. ५०० वॅटचा हॅलोजन दोन फुटांवर लावला. ओल गेली की नाही हे पाहायची सोपी युक्ती आहे : जागेवर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करायचं आणि तासभर दिवा ठेवायचा. आतून थेंब दिसले तर ओल आहे. पहिल्या तासाला थेंब दिसले. दुसऱ्यालाही. तिसऱ्या तासाला प्लास्टिक कोरडं निघालं तेव्हा साडेचार वाजले होते.

इथे थांबायला हवं होतं. बाबा म्हणालेही, “आता नोका करू जी. सांज झाली. थंडीत डांबरबी धरत नाही, हे कायले धरंल?” पण दिवस वाया जातोय या घाईनं मामांनी काम सुरू केलं. जानेवारीत भंडाऱ्याकडे दुपारी २७-२८ अंश असलं तरी सूर्य कलला की पारा झपाट्यानं उतरतो, आणि पहाटे १०-१२ वर येतो. पॉलिएस्टर १५ अंशांखाली नीट धरत नाही. त्यातच हार्डनर बाटलीच्या टोपणानं अंदाजे घातला. १५० ग्रॅम रेझिनला २ टक्के म्हणजे ३ ग्रॅम हवा होता. टोपणात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच मावत होता, हे नंतर मोजल्यावर कळलं. हार्डनर १ टक्क्याच्या खाली गेला की रेझिन अर्धवट राहतं, आणि मग कितीही ऊब दिली तरी पूर्ण धरत नाही. चौथ्या दिवशी सकाळी ठिगळ गुळाच्या पाकासारखं चिकट होतं.

वरून आणखी हार्डनर चोपडणं हा उपाय नाही. तो आत जात नाही. सगळं खरवडून, अ‍ॅसिटोननं पुसून, पुन्हा ४० नंबरनं घासून जागा पहिल्यासारखी करावी लागली. दुप्पट साहित्य आणलं होतं म्हणून नागपूरची दुसरी फेरी टळली.

दुसरा प्रयत्न

या वेळी मोजमाप नीट केलं. रेझिन किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर १५०-१५० ग्रॅम तोललं. हार्डनरसाठी मेडिकलमधून ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज आणली. हार्डनर पाण्यापेक्षा थोडा जड असतो, म्हणून ३ ग्रॅमला साधारण २.७ मिली. डोळ्यांना चष्मा सक्तीचा. हार्डनरचा एक थेंब डोळा घालवू शकतो, आणि गेलाच तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्यात डोळा धुऊन लगेच दवाखाना गाठायचा.

साडेअकराला तळाला हात लावून तो कोमट झाल्याची खात्री केली आणि वरून चादर ताणून थेट ऊन अडवलं, नाहीतर रेझिन ब्रशवरच घट्ट झालं असतं. चिरेच्या आतल्या बाजूनं पुठ्ठ्याला प्लास्टिक चिकटपट्टी लावून आधार दिला होता. आधी नुसतं रेझिन लावलं, मग सगळ्यात मोठा, ४० × १५ सेंमीचा तुकडा, आणि त्यावर क्रमानं लहान. लहान तुकडा आधी घालणारेही आहेत. पण मोठा आधी घातला की उताराची पूर्ण जागा एकाच अखंड थरानं धरली जाते, आणि वरून घासताना तो कापला जात नाही. ४५० ग्रॅमची मॅट एका थराला साधारण १ मिमी जाडी देते, म्हणून सहा थर. तीन थर घालून अर्धा-पाऊण तास थांबले, मग उरलेले तीन. सहाही एकदम घातले तर आतली उष्णता वाढून ठिगळ तडकतं. प्रत्येक थर रोलरनं हवेचे बुडबुडे जाईपर्यंत दाबला. शेवटी वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून सपाट केलं, कारण पॉलिएस्टरचा वरचा थर हवा लागली की चिकट राहतो.

अडीचला ठिगळ टणक होतं. होडी सुलटी करून, पुठ्ठा काढून आणि जागा घासून आतून ४२ × १८ सेंमीचे दोन थर दिले, आणि पेटीच्या कोपऱ्यात रेझिनमध्ये मॅटचे बारीक तंतू कालवून केलेली लुगदी भरून बोटानं गोलाई दिली. संध्याकाळपासून चार फुटांवर हॅलोजन ठेवला. या दुसऱ्या प्रयत्नाला रेझिन वाया गेलेलं धरून पाऊण किलो लागलं, मॅट अर्धा चौरस मीटरसुद्धा लागली नाही.

सुकाणू आणि दोर

वाकलेली स्टेनलेसची पिन हातोडीनं सरळ करू नये. गार स्टील वाकवून परत वाकवलं की ते आतून चिरतं आणि ऐन वाऱ्यात तुटतं. साध्या वेल्डिंग रॉडनं स्टेनलेस जोडणंही टाळलं. फॅब्रिकेशनच्या दुकानात ८ मिमीचा हाय-टेन्साइल बोल्ट लांबीला कापून, नायलॉनच्या नटसह पिनेच्या जागी बसवला. समुद्रात तो लवकर गंजला असता. गोड्या पाण्यात फेरी संपेपर्यंत नक्की टिकतो. डोलकाठीला धक्का बसला होता, म्हणून ती ताणून धरणाऱ्या तिन्ही तारांच्या टोकांची प्रत्येक पिन, रिंग आणि टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) तपासले. एका रिंगेचा वेढा उघडला होता, ती बदलली.

निष्पत्ती

पाचव्या दिवशी सकाळी होडी पाण्यात न घालता आधी टायरांवर सुलटी ठेवून आत चार बादल्या पाणी ओतलं आणि खालून खडूची पूड लावली. ओल आली तर पूड लगेच काळवंडते. तासभरात ती कोरडी राहिली. दुपारी होडी घाटावर उतरली, आणि परतीच्या दीड दिवसात फडक्यानं टिपण्याएवढंही पाणी आत आलं नाही. घरी गेल्यावर नाण्यानं पुन्हा ठोकून पाहिलं, सगळीकडे टणक आवाज. तेव्हाच स्टेनलेसची नवी पिन, हवेच्या पेटीचा वॉशर आणि तळाला रंग झाला.

सोसायटीनं पडवीचं भाडं घेतलं नाही. दोन्ही वेळचा भात आणि माशांचा रस्साही गावाकडूनच होता. मामांनी त्या बदल्यात सोसायटीच्या जळालेल्या पंपाची मोटर भरून दिली.

काय वेगळं करता आलं असतं

निघण्याआधी काठच्या गावात चौकशी केली असती तर बाबांनी त्या खोडांचा पट्टा दहा मिनिटांत सांगितला असता. त्यांनी तो मागाहून सांगितला : जुन्या गावाच्या बांधाची रांग, आणि ढिवर तिथे जाळी का लावत नाहीत तेही. जाळ्याचे बांबू जिथे नाहीत तिथे एकतर खोल पात्र असतं किंवा खोडं. दोन्हींत फरक विचारूनच कळतो. उथळ पाण्यात वेग कमी आणि सेंटरबोर्ड अर्धा ठेवणं हे त्यापुढचं.

दुरुस्तीचा अंदाज पहिल्या दिवशीच तीन दिवसांचा धरायला हवा होता : एक वाळवायला, एक थर द्यायला, एक पक्कं व्हायला. विदर्भात डिसेंबर-जानेवारीत रेझिनचं काम अकरा ते तीन या वेळातच करावं. तीननंतर मिसळायचंच नाही. एप्रिल-मेमध्ये उलट, तेव्हा सकाळी सातला काम आटपावं आणि हार्डनर १ टक्क्यावर ठेवावा.

पण मूळ कारण तो ६ मिमीचा दोर होता. तो बदलून त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली आणि तिच्यासोबत सुतळीचा एकच पेड. सेंटरबोर्ड तरंगून वर येत नाही एवढी ओढ पट्टी देते. आदळला की सुतळी तुटते आणि पातं मागे जातं. किती पेड लागतात हे सोसायटीच्या मासे तोलायच्या लटकत्या काट्यानं ठरवलं. काटा पात्याच्या टोकाला अडकवून मागे ओढला. दोन पेडांची सुतळी २० किलोच्या पुढे गेली तरी तुटेना. एका पेडाची १२ किलोला तुटली. तीच ठेवली, आणि सुकाणूच्या पात्यालाही तशीच बांधली.